ऑपरेशननंतरचे ऐकणे

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे जास्त पॉवरचे कानाचे मशीन, असा समज आपल्याकडे सर्रास आहे. शिकल्यासवरल्या माणसांकडूनही मी तो ऐकते. या समजापायी घरचे लोक ऑपरेशननंतर महिन्याभरात निराश होतात आणि मदत करणारे हात नेमक्या गरजेच्या वेळी आखडतात. मी १६ वर्षे दोन्ही कानांना मशीन लावून उर्दू शाळेत मराठी शिकवले. गेली तीन वर्षे माझ्या उजव्या कानात इम्प्लांट आहे, डाव्या कानाला मशीन. दोन्हींतला फरक रोज अनुभवते, म्हणून चार गोष्टी लिहिते.

कानाचे मशीन आवाज मोठा करते. कानाच्या आत शंखाच्या आकाराचा एक भाग असतो, त्याला कोक्लिया म्हणतात. त्यातल्या सूक्ष्म केसपेशी आवाजाच्या लहरींचे संदेशात रूपांतर करून मज्जातंतूला देतात. थोड्याफार केसपेशी शाबूत असतील तर मोठा केलेला आवाज कामी येतो, आणि असंख्य लोकांचे मशीनवर उत्तम चालते. त्यांना ऑपरेशनची गरज नाही. पण केसपेशीच गेल्या असतील तर आवाज वाढवून फायदा होत नाही. फाटलेल्या स्पीकरचा आवाज वाढवला की नुसती खरखर वाढते, तसे. माझे वरच्या पट्टीतले ऐकणे आधी गेले. स्वर ऐकू यायचे. स, श, फ, थ ही अक्षरे गळून पडायची. वर्गात एखाद्या मुलाने ‘साठ’ म्हटले की मला ‘आठ’ ऐकू यायचे. आवाज भरपूर होता, शब्द नव्हता.

इम्प्लांट या केसपेशींना वगळून पुढे जाते. कानामागचा प्रोसेसर आवाज टिपतो, चुंबकाने डोक्याला चिकटलेली चकती तो संदेश कातडीखालच्या भागाला देते, आणि कोक्लियात सरकवलेली बारीक तार थेट मज्जातंतूला विजेचे सूक्ष्म इशारे देते. त्या तारेवर कंपनीनुसार १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात. निरोगी कानात हेच काम सुमारे साडेतीन हजार केसपेशी करतात. इतक्या मोजक्या इशाऱ्यांवरून मेंदूने माणसाचे बोलणे ओळखायचे असते. १९७८ साली मेलबर्नमध्ये ग्रॅम क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोडचे इम्प्लांट एका माणसाला बसवले, तेव्हा इतक्या थोड्या माहितीवर बोलणे समजेल यावर अनेक तज्ज्ञांचा विश्वास नव्हता. ते समजते. पण लगेच नाही.

ऑपरेशननंतर साधारण तीन-चार आठवड्यांनी प्रोसेसर चालू करतात. त्याला सगळे ‘स्विच ऑन’ म्हणतात. प्रत्येकाचा अनुभव वेगळा असतो. मला माणसांच्या बोलण्याऐवजी शिट्ट्या आणि टिकटिक ऐकू आली. आठवड्याभराने बोलणे वाटू लागले, तेही कार्टूनमधल्यासारखे, आणि माझ्या शौहरचा भारदस्त आवाज चिरका झाला होता. याला कारण आहे. खर्जातल्या आवाजांची जागा कोक्लियाच्या अगदी आतल्या वळणात असते आणि तार तिथवर पूर्ण पोहोचतेच असे नाही. मेंदूला सगळे आवाज नव्याने जुळवून घ्यावे लागतात. मधूनमधून ऑडिओलॉजिस्टकडे मॅपिंग करून इशाऱ्यांची पातळी ठरवून घ्यावी लागते. माझ्यासारख्या, आधी ऐकलेल्या माणसाचे ऐकणे काही महिने, कधी वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ सुधारत राहते.

उर्दू शाळेतले मूल पहिल्यांदा देवनागरी शिकते तेव्हा काय होते ते मी दरवर्षी पाहते. ‘पानी’ हा शब्द त्याला ठाऊक आहे, उर्दूत लिहिताही येतो. पण ‘पाणी’ वाचताना लिपी नवी, दिशा उलटी, आणि ‘न’च्या जागी ‘ण’. मूल हुशार असले तरी वेळ लागतो. कानाचे मशीन म्हणजे तीच जुनी लिपी मोठ्या टायपात छापलेली. इम्प्लांट म्हणजे लिपीच नवी. बीएडला आम्हाला शिकवले होते की नवे वाचन सरावाने येते, ओरडल्याने नाही. इथेही तसेच. सहा महिने मी रोज अर्धा तास छापील धडा समोर ठेवून तोच धडा मुलीच्या तोंडून ऐकत होते. मग पुस्तक मिटून, मग तिच्याकडे पाठ करून. हळूहळू ‘स’ परत आला.

सगळे परत आले नाही, तेही सांगते. शब्द येतात, सूर नीट येत नाहीत. मुशायऱ्यात शायर तहतमध्ये वाचत असेल तर मी शेरापर्यंत पोहोचते. तरन्नुममध्ये गाऊ लागला की शब्द सुरात बुडतात. अजानचे शब्द ओळखते, पण इम्प्लांटच्या कानाला त्यातला चढउतार सपाट वाटतो. डाव्या कानाचे मशीन खालचे सूर थोडे भरून देते, म्हणून ते मी सोडलेले नाही. मोठ्या हॉलमध्ये, भोंग्यावर आणि घुमणाऱ्या भिंतींमध्ये बयान समजत नाही. दुपट्टा प्रोसेसरवर आला की कापडाची खसखस माइकमध्ये शिरते. वुजूच्या वेळी प्रोसेसर काढते तेव्हा त्या बाजूला काहीच उरत नाही, कारण ऑपरेशन केलेल्या कानातले उरलेसुरले नैसर्गिक ऐकणेही बहुधा जाते. निर्णय घेण्याआधी हे प्रत्येकाला माहीत असले पाहिजे. तरीही मला विचाराल तर मी हाच निर्णय पुन्हा घेईन. मागच्या बाकावरचा मुलगा काय म्हणाला ते आज मला कळते.

आता पैशाकडे येते. लहान मुलांसाठी केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून इम्प्लांट मिळते. त्या कामाची मुख्य संस्था मुंबईत वांद्र्याला आहे आणि तिला महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांचे नाव आहे. आपल्यातल्या कितीतरी आयांना ती माहीतही नसते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत उशीर फार महाग पडतो, कारण मेंदूला भाषा पकडायची खरी सवय पहिल्या काही वर्षांतच लागते. पण खर्च ऑपरेशनवर संपत नाही. पुढे सेल, तुटलेली केबल, ओल लागून बिघडलेला प्रोसेसर येतो. तालुक्याहून शहरात स्पीच थेरपीला जायचे तर बसभाडे लागते आणि रोजंदारीवरच्या आईचा दिवस बुडतो. रमजानमध्ये येणाऱ्या मदतीच्या आवाहनांत हॉस्पिटलचे बिल असते, केबल कधीच नसते. केबलअभावी प्रोसेसर कपाटात पडला तर लाखोंचे ऑपरेशन वाया जाते. गरजू कुटुंबाच्या हातात जकात देताना, हवे तर आलिमांना विचारून, या खर्चाचाही विचार झाला पाहिजे. वर्षभराचे बसभाडे ही ऑपरेशनच्या मानाने किरकोळ रक्कम आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. इम्प्लांट झालेल्या मुलाशी घरची बोली सोडून मराठी किंवा इंग्रजीच बोला, असा सल्ला काही आयांना मिळतो. शिक्षिका म्हणून मला तो पटत नाही. मूल ऐकायला शिकते ते दिवसभराच्या बोलण्यातून, म्हणजे भाकरी करताना, रागावताना, झोपवताना. मोडक्या मराठीत आई दिवसाला मोजकी वाक्ये बोलेल. आपल्या दखनीत, उर्दूत किंवा कोकणीत हजार बोलेल. आधी ती हजार वाक्ये मुलाच्या कानात पडू द्या. कान तयार झाला की मराठी शाळेत येईलच, ते काम आमच्याकडे सोपवा.

आपल्या नात्यात, मोहल्ल्यात कुणाचे इम्प्लांट झाले असेल तर निदान वर्षभर त्याची परीक्षा घेऊ नका. समोर बसा, पंखा-टीव्ही बंद करा, नेहमीच्या आवाजात बोला. समजले नाही तर तेच वाक्य पुन्हा सांगा, ‘जाऊ दे, काही नाही’ म्हणू नका. आणि मशिदीच्या कमिटीवर किंवा एखाद्या अंजुमनमध्ये असाल, तर ऑपरेशनला मदत केलेल्या मुलांची यादी काढून त्यांच्या घरी एकदा जाऊन या. प्रोसेसर चालू आहे का आणि मूल थेरपीला जाते का, एवढे दोनच प्रश्न विचारा.