हँडलची पिशवी : सोय की संकट?

सकाळी शाळेची घाई असते. आई डबा भरून पिशवी मुलीच्या हाती देते. मुलगी ती हँडलच्या एका टोकाला अडकवते आणि सायकलवर निघते. घरोघरी दिसणाऱ्या या दृश्यात केवढा धोका दडलेला आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. लोंबणारी पिशवी वळणावर झोका खाऊन पुढच्या चाकाच्या तारांत अडकू शकते. चाक जागीच थांबते. सायकलस्वार मात्र हँडलवरून पुढे फेकला जातो. सावरायला क्षणभराचीही सवड मिळत नाही.

यावर उपाय म्हणजे हँडलला पट्ट्यांनी पक्की बसणारी पिशवी. ती घ्यायला जाण्यापूर्वी हँडलच्या मधली मोकळी जागा आणि हँडलपासून मडगार्डपर्यंतची उंची दोरीने मोजून न्यावी. लहान मुलांच्या सायकलीत ही उंची बेताचीच असते. पिशवीचे कापड जाड असावे आणि मागची बाजू ताठ असावी, म्हणजे ओझ्याने ती खाली झोळीसारखी लोंबत नाही. पट्टे तीन हवेत. दोन हँडलला आणि तिसरा हँडलखालच्या उभ्या नळीला. हा तिसरा पट्टा नसेल तर खड्ड्यातून जाताना पिशवी उसळते.

बांधताना पट्ट्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळावा, म्हणजे पट्टा घसरत नाही. ब्रेकच्या वायर पट्ट्यात दाबल्या जाऊ नयेत. जुन्या धाटणीच्या काळ्या सायकलींना वायरऐवजी सळ्यांचे ब्रेक असतात. तिथे हँडल आणि सळी एकत्र आवळली गेली, तर ऐनवेळी ब्रेक लागणार नाही. अशा सायकलीला पिशवीपेक्षा मागचे कॅरिअर बरे. पट्ट्यांची उरलेली टोके आत खोचावीत.

पिशवी बांधून झाली की डबा आणि पाण्याची बाटली आत ठेवून परीक्षा घ्यावी. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवावे, ब्रेक दाबून सोडावेत, पुढचे चाक थोडे उचलून आपटावे. एवढे करूनही पिशवी आणि चाक यांत चार बोटांचे अंतर राहिले पाहिजे. पुढचा दिवा झाकला जात असेल तर त्याची जागा बदलावी.

वजन दोन-तीन किलोंच्या आतच ठेवावे. पुढे भार वाढला की हँडल जड होते आणि लहान हातांना वळवणे अवघड जाते. दप्तर कॅरिअरवर घट्ट बांधावे, पिशवीत फक्त डबा, बाटली आणि रेनकोट ठेवावा.

रविवारी चाकात हवा भरताना पट्टेही एकदा ओढून पाहावेत. डबा आपण रोज काळजीने भरतोच. तो नेणाऱ्या पिशवीकडेही तेवढेच लक्ष दिले, तर मूल आणि डबा दोन्ही सुखरूप शाळेत पोहोचतील.