तार बदला, गिटार नको



मागच्या भीमजयंतीच्या आधीची गोष्ट. परभणीतल्या आमच्या वस्तीत, विहारात मुलांची गाण्याची तालीम चालू होती. माझा पुतण्या गिटार वाजवतो, त्याची धाकटी बहीण गाते. मोठे बंधू मोंढ्यात हमाली करतात. वहिनींची भिशी लागली, तेव्हा त्यांनी पोराला ही गिटार घेऊन दिली होती. पोरीचा आवाज गोड, पण खालच्या पट्टीतला. तालमीला बसलेल्या बाया म्हणाल्या, "पोरीचं गाणं ऐकूच येईना, नुस्तं खणखण वाजतंय." पोरीच्या मनाला लागले. घरी येऊन म्हणाली, "काका, मी नाही म्हणणार गाणं. दादालाच वाजवू द्या."

पोराचे म्हणणे, गिटारच हलकी आहे, दुसरी घ्यावी लागेल. बंधू गप्प राहिले. दुसरी गिटार म्हणजे किती पोती पाठीवर वाहायची, हे मला न सांगता कळले.

आम्हा कारकुनांना बारीक अक्षर वाचायची खोड असते. तारांचे रिकामे पाकीट पोराने ठेवले होते. त्यावर 80/20 आणि 10 असे आकडे होते. दुकानदाराने जे होते ते दिले, आम्हीही काही विचारले नव्हते. खणखणाटाचे मोठे कारण त्या आकड्यांतच होते.

गिटारला सहा तारा. वरच्या सुराच्या दोन बारीक तारा साध्या पोलादी. बाकीच्या चार जाड तारांत आत पोलाद असते आणि त्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. ही गुंडाळी कोणत्या धातूची, यावर आवाजाचा पोत ठरतो. 80/20 म्हणजे 80 टक्के तांबे आणि 20 टक्के जस्त. बाजारात त्याला ब्राँझ म्हणतात, पण खरे पाहता ते पितळच. याचा आवाज लख्ख आणि खडा. दुसरा प्रकार फॉस्फर ब्राँझ. त्यात साधारण 92 टक्के तांबे, बाकी कथील आणि किंचित फॉस्फरस. याचा आवाज भरदार, गोलसर. शिवाय तो जास्त दिवस टिकतो. तिसरा सिल्क अँड स्टील. यात पोलाद आणि गुंडाळी यांच्यामध्ये रेशमाचे किंवा नायलॉनचे धागे असतात. आवाज सगळ्यात मऊ, पण लहान. घरात गुणगुणायला उत्तम, मंडपात कमी पडतो.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. मिरजेत शिकलगार समाजातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे काम सोडून तंबोरे घडवायला सुरुवात केली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या तंबोऱ्यात जोडाच्या तारा पोलादी असतात आणि खर्जाची पितळी. धातू बदलला की नाद बदलतो, हे आपल्या कारागिरांना केव्हाच ठाऊक होते.

आता दुसरा आकडा. 10, 11, 12 ही सर्वात बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. 10 नंबर बोटांना सोपा, पण आवाज पातळ. 12 नंबरचा आवाज भरीव, पण नवशिक्याची बोटे सोलून निघतात आणि पोर वाद्य कोपऱ्यात ठेवते. आम्ही मधला मार्ग धरला. फॉस्फर ब्राँझ, 11 नंबर. काहीशे रुपयांत काम झाले.

एक धोक्याची सूचना. गिटारच्या बारीक तीन तारा नायलॉनच्या असतील, तर तिला पोलादी तारा कदापि लावू नयेत. 12 नंबरच्या पोलादी तारांचा एकत्रित ताण सुमारे 70 किलो, नायलॉनचा 40 च्या आसपास. लाकडावर चिकटवलेला ब्रिज उखडून येईल आणि गिटार हातची जाईल.

पण खिशात हात घालण्याआधी फुकटचा उपाय करून पाहा. प्लॅस्टिकची पिक बाजूला ठेवून अंगठ्याच्या मांसल भागाने वाजवा. हात ब्रिजजवळ न ठेवता गोल भोकाजवळ आणा. एवढ्यानेही निम्मा खणखणाट कमी होतो. नव्या तारा पहिले काही दिवस जरा खड्याच वाजतात, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी न बदलता आठवडाभर आधी बदलाव्यात. वाजवून झाले की कोरड्या फडक्याने तारा पुसाव्यात, घामाने गंज चढतो. आणि आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात गिटार पत्र्यालगत टांगू नये. उष्णतेने सरस सुटतो, लाकूड वाकते.

नव्या तारांवर पोराने अंगठ्याने सूर धरला. पोरीला आधी दाराआड बसूनच गायचे होते. दुसऱ्या कडव्याला ती बाहेर आली. जयंतीला वहिनी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसल्या. म्हणाल्या, "भावजी, शब्द न् शब्द ऐकू आला."

हाच खरा मुद्दा आहे. वामनदादा कर्डक गावोगाव गायले, विलास घोगरे यांच्या हाती एकतारी असायची. आपल्या गाण्यात शब्द आधी, वाद्य त्याच्या मागे. मुलांना वाद्य जरूर घेऊन द्या. पण मुलीचा आवाज झाकला जात असेल, तर तिला गप्प बसवू नका; आधी तार तपासा. दुकानात जाल तेव्हा "तारा द्या" एवढेच न म्हणता कोणत्या धातूच्या, किती नंबरच्या, हे विचारा. जुने पाकीट सोबत न्या. विचारायला पैसे पडत नाहीत.