चौघांतला एकच फोटो

जानेवारी जवळ आला की आमच्या संपादकीय मेलवर सोलापुरातून बॅनरचे फोटो येऊ लागतात. 12 जानेवारी हा चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन. याच सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, शहरात पाहुण्यांची ये-जा असते. चार पुतळ्यांच्या चौकात सकाळपासून हार घेऊन माणसे थांबलेली असतात. यंदा आलेल्या बॅनरपैकी एक आम्ही नेहमीप्रमाणे 'सोलापूर वार्ता'त टाकला. वर हुतात्मा कुर्बान हुसेन यांचा फोटो, खाली शुभेच्छुकांचे सात फोटो. शुभेच्छुक हुतात्म्यापेक्षा थोडे मोठेच होते, पण ते आता सगळ्याच बॅनरवर असतात.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. जुने वाचक आहेत, आमच्या चुका मोजत असतात. म्हणाले, "संपादकसाहेब, बाकीचे तिघे कुठे गेले?" मला आधी कळलेच नाही. मग बॅनर पुन्हा उघडला. मल्लप्पा धनशेट्टी नव्हते, जगन्नाथ शिंदे नव्हते, श्रीकिसन सारडा नव्हते. गुरुजी पुढे म्हणाले, "इंग्रजाने चौघांना एका दिवशी फाशी दिली. तुम्ही त्यांना वेगळे केले."

मी बॅनर छापणाऱ्या मुलांवर ढकलून मोकळा झालो असतो, पण अंकात तो मी घेतला होता. म्हणून हे संपादकीय.

आधी ज्या तरुण वाचकांना 1930 ची गोष्ट नीट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 6 एप्रिल 1930 रोजी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा लागला होता. 5 मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटले. गिरण्यांचे भोंगे वाजले तरी कामगार आत गेले नाहीत. 8 मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडे तोडायला लोक जमले, पोलिसांशी झटापट झाली, गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण पडला. त्यानंतर मंगळवार पेठ पोलीस चौकी जळाली, दोन पोलीस मारले गेले, कोर्टाला आग लागली. पुढचे तीन दिवस शहरात इंग्रज सरकार नावालाही उरले नव्हते आणि लोकांनीच शहर सांभाळले. 12 मे रोजी लष्करी कायदा आला. तो जूनअखेरपर्यंत राहिला. गांधी टोपी घातली म्हणून, झेंडा हातात धरला म्हणून माणसांना शिक्षा झाल्या. 'कर्मयोगी'चे संपादक राजवाडे यांना लिखाणासाठी तुरुंगात टाकले गेले. पोलिसांच्या हत्येच्या खटल्यात चौघांना फाशीची शिक्षा झाली आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात ती अमलात आली.

चौघे चार समाजांतले. हे कोणी ठरवून केलेले नव्हते. सोलापूर तेव्हा तसेच होते आणि आजही आहे. गल्ली बदलली की मराठीची तेलुगू होते, तेलुगूची कन्नड होते, कन्नडची दखनी होते. 'हौ मियाँ' म्हणणारा माणूस पुढच्या वाक्यात 'काय की बाबा' म्हणतो आणि कोणाला त्यात काही वेगळे वाटत नाही.

आता माझा खरा मुद्दा. आपल्या सभांमध्ये कुर्बान हुसेन यांचे नाव कशासाठी घेतले जाते? मी अशा सभांमध्ये बोललो आहे, म्हणून स्वतःला धरूनच सांगतो. आपण त्यांचे नाव दाखल्यासारखे वापरतो. कोणी आपल्या देशप्रेमावर शंका घेतली की आपण खिशातून हा दाखला काढतो: बघा, आमचाही एक फासावर गेला होता. समोरचा गप्प बसतो किंवा बसत नाही, पण आपल्याला तेवढ्यापुरते बरे वाटते. पुढच्या जानेवारीपर्यंत दाखला परत खिशात.

दाखला मागणाऱ्याचा उद्दामपणा मला मान्य नाही, तो वेगळा विषय आहे. पण या सवयीत आपले स्वतःचे एक नुकसान झाले. फोटोतला माणूस काय काम करायचा हे आपण विसरलो. अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे गिरणी कामगारांमध्ये वावरणारे कार्यकर्ते होते आणि ते वृत्तपत्र चालवत. त्याचे नाव 'गझनफर'. अरबी शब्द आहे, अर्थ सिंह. म्हणजे शहराने ज्यांना हुतात्मा म्हणून डोक्यावर घेतले त्यातला एक जण आमच्याच धंद्यातला होता, गावातली बातमी गावाला सांगणारा. आम्ही त्यांच्या फोटोला हार घातला, पण त्यांची खुर्ची रिकामी आहे हे आमच्या लक्षात आले नाही.

गुरुजींच्या फोननंतर मी आमच्या मागच्या वर्षभराच्या 'सोलापूर वार्ता' वाचून काढल्या. लाज वाटली. बहुतेक बातम्या सत्काराच्या. कोणाची कुठल्या कमिटीवर निवड झाली म्हणून सत्कार, कोणी उमराहहून आले म्हणून सत्कार, दहावीला गुण मिळाले म्हणून सत्कार. (मुलांच्या सत्काराला माझी हरकत नाही. पण त्या फोटोत मूल एक आणि मोठी माणसे अकरा असतात.) त्याखाली इफ्तार पार्टीचे फोटो, सामुदायिक निकाहाचे फोटो, रक्तदानाचे फोटो. बाकी जागा दिल्ली, लखनौ आणि गाझाच्या लेखांनी भरलेली.

ज्या बातम्या नव्हत्या त्यांची यादी मनात करायला घेतली तर ती थांबेना. उजनीसारखे धरण जिल्ह्यात असताना नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येते. त्याचा पहिला फटका कोणाला बसतो, तर ज्यांच्या घरात पाणी साठवायला जागा नाही त्यांना. दहा बाय दहाच्या खोलीत पिंप ठेवायचे कुठे? पाणी येण्याचा दिवस असला की घरातली एक बाई कामाला जात नाही, म्हणजे तेवढी मजुरी गेली. आमच्या अंकात वर्षभरात यावर एक ओळ नव्हती. यंत्रमागावर टॉवेल विणणाऱ्या कामगारांवर नव्हती. जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी ही नावे ज्यांच्या घरात अजून रोज निघतात त्या म्हाताऱ्या गिरणी कामगारांवरही नव्हती.

आणि विड्या वळणाऱ्या बायकांवर तर नव्हतीच. सोलापुरात हजारो बायका विड्या वळतात. बहुसंख्य पद्मशाली समाजाच्या, पण मुस्लिम मोहल्ल्यांतही प्रत्येक गल्लीत सूप मांडीवर घेऊन बसलेली एक तरी खाला दिसेल. अशा एका खालांकडे मी या निमित्ताने मुद्दाम गेलो. पाने, तंबाखू आणि सूत घेऊन यायचे, पाने भिजवायची, कापायची, वळायची, पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधायचे आणि माल परत न्यायचा. मजुरी हजारावर. तिकडे माल तपासताना काही विड्या बाजूला काढतात, त्याला छाटणी म्हणतात. त्या विड्यांची मजुरी मिळत नाही, पण विड्याही परत मिळत नाहीत. मी म्हटले, "मग त्या जातात कुठे?" खाला हसल्या. "तेच तुम्ही लिहा की भाऊ. पेपरवाले ना तुम्ही?" नंतर म्हणाल्या, "पाने खराब आली तर कमी पडणारी पाने बाजारातून मीच विकत आणायची. हे कोणी विचारत नाही. इफ्तारला बोलावतात, तिथं सगळे विचारतात तब्येत कशी आहे."

त्यांच्या मुलीची शिष्यवृत्ती दोन वर्षे आली नव्हती. विडी कामगारांच्या कल्याण निधीसाठी विड्यांवर जो उपकर होता तो 2017 मध्ये जीएसटी येताना रद्द झाला. दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरांची मदत हे सगळे त्या निधीच्या आधारावर उभे होते. हा आपल्या समाजाच्या हिताचा प्रश्न नव्हता काय? त्या वर्षी आपण सगळे तलाकच्या निकालावर बोलत होतो. त्यावर बोलायलाच हवे होते, मीही बोललो, लिहिले. पण खालांच्या घरात दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत होत्या आणि आम्हाला एकच दिसली.

हे सांगताना सोलापूरच्याच दुसऱ्या एका वारशाची आठवण होते. 1990 साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन याच शहरात झाले. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सोबत्यांचे म्हणणे साधे होते: आम्ही मराठी मुसलमान आहोत, आमची भाषा ही आहे, आमचे जगणे आम्ही याच भाषेत लिहू. बेन्नूर सर 2018 मध्ये गेले. मुस्लिम समाज म्हणजे एक अखंड गठ्ठा नाही, त्यात बागवान आहेत, पिंजारी आहेत, अत्तार, तांबोळी, कसाई, मोमीन आहेत, प्रत्येकाचा धंदा वेगळा आणि धंद्यावरचे संकट वेगळे, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. आमच्या बातम्या वाचून मात्र कोणालाही वाटेल की समाजात फक्त अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे राहतात.

चळवळीतले काही साथी यावर काय म्हणतील ते मला माहीत आहे, कारण मसुदा वाचून एकाने म्हटलेच. देशात समाजावर एवढे हल्ले होत असताना तुम्हाला नळाचे पाणी आणि छाटणीच्या विड्या सुचतात? मला हा प्रश्न हलका वाटत नाही. पण हल्ला गावात कसा पोहोचतो ते पाहा. जून 2023 मध्ये कोल्हापुरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून दगडफेक झाली, दुकाने फुटली. अफवा पसरते ती शेजारच्या गल्लीविषयी काहीच माहिती नसते तेव्हा. पूर्व भागातल्या पद्मशाली बाईला मोहल्ल्यातल्या खालांच्या विड्यांचीही छाटणी होते हे ठाऊक असेल, तर तिला त्या गल्लीविषयी निदान एक गोष्ट खरी माहीत असेल. ती सांगणे आमचे काम होते. मोर्चे, निवेदने, न्यायालयीन लढाया यांच्याऐवजी हे करा असे मी म्हणत नाही. पण ज्यांना दिल्लीची बातमी हवी त्यांना ती शंभर ठिकाणी मिळते. खालांची बातमी आम्ही दिली नाही तर कुठेच मिळत नाही.

दुसरे एक उदाहरण. 28 सप्टेंबर 2023 रोजी ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली. राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम समाजाने जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचे ठरवले. ती बातमी आम्ही छापली, 'सामंजस्याचा आदर्श' असे शीर्षकही दिले. आज वाटते की ते अर्धेच काम होते. कमिटीत कोण विरोध करत होते, कोणत्या मौलानांनी समजूत घातली, गणेश मंडळांपैकी कोण आधी भेटायला आले, डीजे आणि मंडपाची आधी झालेली बुकिंग कशी फिरवली, हे सगळे लिहायला हवे होते. दोन सण पुन्हा एकत्र येतात तेव्हा कमिटीला शीर्षकाचा काही उपयोग नसतो, ही माहिती उपयोगी पडते. 2024 मध्ये आणि 2025 मध्येही दोन्ही सण एका दिवसाच्या अंतराने आलेच.

एक चांगली बातमीही आमच्याकडून निसटली. सोलापूरजवळ कुंभारीत विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत 2006 मध्ये उभी राहिली. पुढे रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा प्रकल्प आला आणि जानेवारी 2024 मध्ये त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. नरसय्या आडम मास्तरांच्या राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो, इथे घर मिळाले ते कामावरून, जातधर्मावरून नव्हे. शहरात भाड्याची खोली शोधताना आडनाव सांगितल्यावर "आताच गेली हो खोली" हे उत्तर ज्यांनी ऐकले आहे, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. तिथे शेजार कसा आहे, बस किती वाजता येते, शहरातले काम सुटले की टिकले, नव्या वस्तीत मुलींची शाळा सुटली का, हे जाऊन पाहणारा बातमीदार आम्ही पाठवला नाही. आता पाठवतो आहोत. दोन मुली तयार झाल्या आहेत, एक उर्दू माध्यमातून शिकलेली आणि एक तेलुगू घरातली. मराठी मजकूर दोघी मिळून लिहिणार आहेत आणि दुसऱ्या भाषेत तो आम्ही करून घेऊ.

पुढच्या अंकापासून 'सोलापूर वार्ता'त सत्काराचे फोटो येणार नाहीत. काही मंडळी नाराज होतील, त्यातले दोघे आमचे देणगीदार आहेत. त्यांना मी स्वतः फोन केला आहे. एकाने ऐकून घेतले, दुसऱ्याने 'बघू' म्हटले. पाण्याच्या पाळीचा दिवस चुकला, रेशन दुकान उघडले नाही, मजुरी कापली गेली, शाळेत शिक्षक नाही, मोहल्ला सभेत काही चांगले ठरले, तर चार ओळी लिहून पाठवा. लिहिता येत नसेल तर बोलून पाठवा. दखनीत बोललात तरी चालेल. तारीख, ठिकाण आणि समोरच्या बाजूचे म्हणणे मात्र हवे, नुसत्या रागाची बातमी होत नाही. जिथे नाव उघड झाल्याने कामावर गदा येईल तिथे नाव छापले जाणार नाही.

तो बॅनर आम्ही काढून टाकला नाही. त्याच्याखाली दुरुस्ती टाकली आहे, तिघांच्या नावांसह. गुरुजींना कळवले. ते म्हणाले, "ठीक. पण शंकर शिवदारे राहिला." तोही आता टाकला आहे.

शेवटी एक विनंती. सोलापुरात, किंवा इथून पुण्या-मुंबईला, हैदराबादला गेलेल्या कोणाच्या घरी जुन्या ट्रंकेत, आजोबांच्या कागदांत, मस्जिदीच्या किंवा वाचनालयाच्या कपाटात 'गझनफर'चा एखादा अंक असेल, फाटका, अर्धा, वाळवी लागलेला कसाही, तर त्याचा मोबाईलवर फोटो काढून आम्हाला पाठवा. मूळ कागद तुमच्याकडेच ठेवा, लॅमिनेशन मात्र करू नका, त्याने जुना कागद खराब होतो. पुढच्या 12 जानेवारीला 'सोलापूर वार्ता'च्या पहिल्या पानावर त्यातली एखादी स्थानिक बातमी, जशी होती तशी, छापायची आहे.