ऐकू आले तेवढेच खरे काय?

24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनवर स्वारी केली आणि थोड्याच दिवसांत ‘रशियन सैन्य बिनतारी यंत्रावर उघड्या भाषेत बोलते, त्याला गुप्तलेखन ठाऊकच नाही’ हा सिद्धान्त सर्वत्र रूढ झाला. आमच्याकडील विद्वानांनीही तो बिनदिक्कत उचलला. या सिद्धान्तास आमची हरकत आहे. तो सर्वस्वी खोटा आहे म्हणून नव्हे, तर पुराव्याच्या मानाने तो फार मोठा आहे म्हणून.

पुरावा काय? हौशी श्रोत्यांनी रशियन सैनिकांची संभाषणे ऐकली व मुद्रित केली. परंतु जे संभाषण कूटबद्ध असते ते श्रोत्याच्या कानी शब्दरूपाने पोहोचतच नाही. त्याला केवळ खरखर ऐकू येते. तेव्हा ऐकू आलेल्या बोलण्यावरून न ऐकू आलेल्याविषयी निर्णय देणे म्हणजे बाजारात भेटलेली माणसे पाहून गावात आजारी कोणीच नाही असे ठरविणे होय. रशियाजवळ ‘आझार्त’सारखी कूटबद्ध यंत्रे होती, त्याच सैन्यात बाजारी चिनी यंत्रेही आढळली. म्हणजे प्रश्न ‘गुप्तलेखन आहे की नाही’ असा नसून, कोणत्या पथकाजवळ, कोणत्या दिवशी, कोणते यंत्र होते, असा आहे.

7 मार्च 2022 रोजी युक्रेनच्या लष्करी गुप्तवार्ता खात्याने मेजर जनरल विताली गेरासिमोव्ह खार्किवजवळ मारला गेल्याचे जाहीर केले. जोडीला चोरून ऐकलेले एक संभाषणही प्रसिद्ध केले. रशियनांनी स्वतःच मोबाइलचे मनोरे पाडल्याने त्यांची ‘एरा’ ही सुरक्षित दूरध्वनी योजना बंद पडली, अशी उपपत्तीही निघाली. ती जगभर चघळली गेली. पुढे मे महिन्यात हाच सेनापती जिवंत असून त्यास सन्मान मिळाल्याचे वृत्त आले! संभाषण अस्सल असणे ही एक गोष्ट, बोलणाऱ्यास सत्य ठाऊक असणे ही दुसरी, आणि त्यावरून आपण काढलेले अनुमान बरोबर असणे ही तिसरी. या तिन्हींची गल्लत करणाऱ्यास आम्ही चिकित्सक म्हणणार नाही.

कोणी म्हणेल, युद्धाच्या धामधुमीत एवढी चिकित्सा करण्यास सवड कोणास? सेनापतीस नसेल, आरामखुर्चीत बसलेल्या आम्हांस खासच आहे. 1914 च्या ऑगस्टात टानेनबर्गच्या लढाईत रशियन आज्ञा उघड्या भाषेत गेल्या व जर्मनांनी ऐकल्या, ही गोष्ट खरी. पण तिच्या आधारे एका शतकानंतरच्या सैन्याचे वर्णन करता येत नाही. उलट जर्मनांच्या ‘एनिग्मा’चे मर्म पोलिश गणितज्ञांनी 1932 च्या अखेरीस हस्तगत केले होते, त्या यंत्रावरील ब्रिटिशांच्या युद्धकालीन यशाची कथा सामान्य वाचकास 1974 मध्ये कळली. शत्रूचे गुपित हाती लागलेला मनुष्य सहसा दवंडी पिटीत नाही. म्हणून दवंडी ऐकू आली की ती कोणाच्या कामाची, हे आधी विचारावे.

हा केवळ पांडित्याचा वाद नव्हे. बुचा येथील नागरिकांच्या हत्येसंबंधीची बिनतारी संभाषणे जर्मन गुप्तवार्ता खात्याने टिपल्याचे वृत्त एप्रिल 2022 मध्ये आले. असली मुद्रणे न्यायासनापुढे टिकावयाची तर वेळ, ठिकाण, लहरीची वारंवारता, मूळ मुद्रण करणारा आणि त्याच घटनेची चित्रे, हे सारे जुळवून पाहिले पाहिजे. जो आज करमणुकीखातर प्रत्येक मुद्रण खरे मानतो, तोच उद्या आरोपीच्या वकिलास सारीच मुद्रणे खोटी म्हणण्याची सोय करून देतो. मृतांविषयी खरोखर कळवळा असेल, तर त्यांच्या साक्षीची पारख करण्याचे कष्ट आपण घेतलेच पाहिजेत.