आधी झोपेतला प्रवाह मोजा

केंद्रीय भूजल मंडळ निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजतं: जानेवारीत, पावसाळ्याआधी, ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरात. देशाचं चित्र काढायला त्याचा उपयोग आहेच. पण महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा. या खडकातली विहीर एका मोठ्या पावसात भराभर चढते आणि मोटर लावली की तितक्याच वेगानं उतरते. रात्रीतून ती किती भरून येते, यावर शेतकऱ्याचं दुसऱ्या दिवशीचं पाणी ठरतं. ते चार नोंदींत कुठून सापडणार? त्यासाठी दर पंधरा मिनिटांनी पातळी टिपणारा लॉगर विहिरीतच हवा, आणि तो गावोगाव परवडायचा तर आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी तो बनवायला हवा.

तिथले प्रकल्प मात्र बरेचदा वाय-फाय आणि मोबाइलवर हलणारा आलेख यांतच अडकतात. प्रदर्शनाच्या टेबलावर ते शोभतं. विहिरीच्या काठावर वाय-फाय नसतं आणि विजेचा भरवसा नसतो. अशा प्रकल्पांतला नेहमीचा छोटा कंट्रोलर बोर्ड, आर्डुइनो उनो, नुसता चालू ठेवला तरी ४५-५० मिलिअँपिअर ओढतो. पेन्सिल सेल २,००० मिलिअँपिअर-तासांचा धरला, तर दोन दिवसांत सगळं बंद. एकापुढे एक चार सेल जोडले तरी व्होल्ट वाढतात, तास नाहीत.

त्याऐवजी आर्डुइनोचाच ३.३ व्होल्टचा प्रो मिनी घ्यावा, त्याचा पॉवरचा एलईडी काढून टाकावा, दोन नोंदींच्या मधे त्याला झोपवावं आणि डीएस३२३१ या घड्याळाच्या अलार्मनं उठवावं. नीट झोपवलेला असा लॉगर एसडी कार्डासकट ०.२ मिलिअँपिअरवर आणता येतो, म्हणजे तेच सेल वर्षभर पुरतात. आता जागेपणाचा खर्च बघा. दर पंधरा मिनिटांनी एक सेकंद १० मिलिअँपिअर, म्हणजे सरासरी ०.०११. झोपेच्या खर्चाचा जेमतेम अठरावा हिस्सा! नोंदी निम्म्या करून जवळपास काहीच वाचत नाही. वाचवायचं ते झोपेत. काही एसडी कार्डं झोपतच नाहीत आणि बाकी सगळ्या भागांहून जास्त खातात, म्हणून प्रत्येक कार्ड मल्टिमीटरवर तपासूनच घ्यावं. लिहिताना कार्ड १०० मिलिअँपिअरपर्यंत उसळी घेतं. घड्याळाच्या मॉड्यूलवर बहुधा ४ केबीची मेमरी असते. दोन बाइटची एक नोंद धरली तर तिच्यात तीन आठवडे मावतात. नोंदी तिथं साठवून कार्डावर दिवसातून एकदाच उतरवाव्यात.

याच स्वस्त मॉड्यूलवर चार्जिंगचा रेझिस्टर असतो. साधा सीआर२०३२ सेल घालणार असाल तर तो रेझिस्टर आधी काढा. तो सेल चार्ज करण्याजोगा नाही. फुगतो, फुटूही शकतो. विद्यार्थ्यांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायलाच हवं.

पातळी कळते ती पाण्यात सोडलेल्या दाबमापकावरून, पण तो हवेचाही दाब मोजतो. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलनं हलला की पातळीत सेंटिमीटरभर फरक दिसतो, म्हणून दुसरा दाबमापक काठावर हवाच.

एडवर्ड मॅलन आणि पॅट्रिशिया बेडोज यांनी असेच सुटे भाग जोडून मेक्सिकोच्या युकातानमधल्या पाण्याखालच्या गुहांत लॉगर उतरवले आणि २०१८ मध्ये त्यांची रचना शोधनिबंधातून खुली केली. आपली विहीर त्याहून अवघड नाही.

परीक्षकांना माझी विनंती आहे. आलेखाचा रंग राहू द्या, झोपेतला प्रवाह मोजून दाखवायला सांगा. लॉगर सिलिका जेल घालून जूनमध्ये विहिरीत सोडायला लावा आणि गुण दिवाळीनंतर द्या, विहिरीवर जाऊन, कार्ड काढून, किती नोंदी सलग आहेत ते पाहून.