उदाहरणावाचून आज्ञा अपुरी

माउसला हात न लावता, काळ्या पडद्यावर अक्षरे टंकून ई-मेल वाचण्याची व पाठवण्याची रीत आज पुष्कळांना पुरातन वाटेल. परंतु जुना संगणक, मंद इंटरनेट आणि हजारो पत्रांचे दप्तर असा संसार ज्याच्या वाट्याला आला आहे, त्याला कमांड लाइनवरील साधनांइतका आधार दुसऱ्या कशाचा क्वचितच वाटतो. मीही त्यांतलाच एक असल्यामुळे या साधनांच्या माहितीपुस्तिकांविषयी लिहिणे मला अगत्याचे वाटते.

मायकेल एल्किन्स यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मट’ या प्रोग्रामचेच पाहा. त्याची पुस्तिका त्रोटक मुळीच नाही. शेकडो सेटिंग्जचा तपशील तीत इमानाने नोंदलेला आहे. उणीव आहे ती निराळी. तरंगासारखे चिन्ह व ‘बी’ हे अक्षर लिहून पुढे एखादा शब्द दिला, की हा प्रोग्राम पत्रांच्या मजकुरात तो शब्द धुंडाळतो; मात्र पत्रे दूरच्या आयमॅप सर्व्हरवर असली, तर त्यासाठी एकेक पत्र उतरवून घेतो. तरंगाच्या जागी बरोबरचे चिन्ह घातले, तर तोच शोध सर्व्हर स्वतः घेतो. पुस्तिकेत या फरकाची नोंद आहे, पण ती लांबलचक तक्त्यातील एका ओळीत. आणि आपला शोध कशामुळे रेंगाळतो आहे हेच ज्याला उमगलेले नाही, त्याची नजर नेमकी त्या ओळीवर ठरावी कशी?

पत्र रद्द करण्याचेही तसेच. ‘डी’ दाबल्याने पत्र नाहीसे होत नाही, त्यावर केवळ खूण होते. डॉलरचे चिन्ह दाबून बदल कायम करीपर्यंत ते परत मिळवता येते. नवख्याच्या काळजाचा ठोका चुकवणारी ही बाब त्या कळीच्या वर्णनाशेजारीच, ठळकपणे हवी.

बेल लॅब्जमध्ये १९७१ च्या नोव्हेंबरात युनिक्सची पहिली पुस्तिका निघाली, तेव्हा आज्ञेच्या वर्णनाखाली तिच्यातील दोषांसाठी स्वतंत्र मथळा राखलेला होता. दोष उघड सांगण्याची ती तरतूद मला आजही अनुकरणीय वाटते. मात्र तिच्या जोडीला प्रसंग हवा. कोणत्या अडचणीत ही सोय कामी येते, तिचे चालते उदाहरण कोणते आणि ती कोठे फसवते, एवढा खुलासा सोबत असल्याखेरीज कोणतेही नवे वैशिष्ट्य प्रोग्राममध्ये दाखल करून घेऊ नये.

प्रोग्राम घडवण्याचे काम विनामोबदला करणाऱ्यांवर आणखी ओझे कशाला, हा आक्षेप मी हलका मानीत नाही. परंतु तो खुलासा कर्त्यानेच लिहावा असे कोठे आहे? ज्याने ती सोय कालच, धडपडत आत्मसात केली, त्याच्या स्मरणात आपण कोठे अडलो ते अद्याप ताजे असते, आणि कर्त्याला ते दिसणे जवळजवळ अशक्य असते. अशा माणसाने चार ओळींचा मसुदा पाठवावा, कर्त्याने तो तपासून पुस्तिकेत घ्यावा. बरोबरच्या त्या चिन्हाविषयीचा माझा मसुदा तयार आहे.