आजीचा स्कोअर

दर वीकांताला इथे काहीतरी तांत्रिक खरडतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आजीचा न्यूमोनिया.

झालं असं की, दोन महिन्यांपूर्वी गावाहून आईचा फोन आला. "अरे, आजी मला त्यांच्या जावेच्या नावाने हाक मारतायत. जेवतही नाहीयेत." ताप नाही, खोकला नाही. मी मीटिंगमध्ये होतो. म्हटलं, "अगं, ८२ वर्षांची आहे ती, चालायचंच!" दोन दिवसांनी आजीला धाप लागली आणि मग धावाधाव.

म्हातारपणी न्यूमोनिया असाही येतो हे मला नंतर कळलं. ताप-खोकला नसेलही, बरळणं, जेवण सोडणं, तोल जाऊन पडणं एवढंच दिसतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी 'कर्ब-६५' काढला. ब्रिटन, न्यूझीलंड आणि नेदरलँड्समधल्या १,०६८ रुग्णांच्या माहितीवरून २००३ साली आलेला हा स्कोअर. पाच प्रश्न, प्रत्येकी एक गुण: नवीन गोंधळलेपण, रक्तातला युरिया ७ च्या वर, श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त, रक्तदाब कमी (वरचा ९० च्या खाली किंवा खालचा ६० पर्यंत), आणि वय ६५ किंवा पुढे. त्या अभ्यासात २ गुणवाल्यांपैकी सुमारे ९ टक्के रुग्ण तीस दिवसांत दगावले, ३ आणि वर गेलेल्यांपैकी सुमारे २२ टक्के.

मी लगेच मोबाईलवर गणित मांडलं. रिपोर्टमध्ये युरिया ५२! मर्यादा ७ आणि हिचा ५२? घाम फुटला. मग लक्षात आलं, तो ७ मिलिमोलमधला. आपल्याकडच्या रिपोर्टमधल्या मिलिग्रॅममध्ये तो ४२ होतो. युनिटचा घोळ! रोज दुसऱ्यांच्या कोडमधले असले बग काढतो मी.

वयाचा एक, युरियाचा एक. श्वास २८, रक्तदाब ठीक. म्हणजे २. मग डॉक्टरांनी विचारलं, "आजी नेहमीच असं बोलतात का?" मी मान डोलावणारच होतो. वर्षातून दोनदा, गणपती-दिवाळीला भेटणारा नातू मी! तेवढ्यात आई म्हणाली, "छे हो, गेल्या आठवड्यापर्यंत दुधाचा महिन्याचा हिशोब तोंडी सांगायच्या." झाले ३.

तर सांगायचा मुद्दा हा. स्कोअर हवाच. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, अशा वेळी घरच्यांच्या अंदाजापेक्षा पाच साधे प्रश्न बरे. पण त्यातला 'नवीन' हा शब्द मशीनला कळत नाही. आधीचं माणूस कसं होतं, हा डेटा कुठल्याच लॅबमध्ये मिळत नाही. तो घरातल्या माणसाकडेच असतो. शेतावर जाणारी ६६ वर्षांची बाई आणि अंथरुणाला खिळलेली ९० वर्षांची, दोघींना वयाचा एकच गुण. १९९७ सालचा 'पीएसआय' हा दुसरा, वीस गोष्टी बघणारा स्कोअर प्रत्येक वर्षाचा वेगळा गुण मोजतो. पण आजी देवळापर्यंत एकटी चालत जायची का, हे तोही विचारत नाही. आणि पुढे कितपत सावरेल याचा अंदाज बराचसा त्यावरच असतो.

नऊ दिवसांनी आजी घरी आली. तीस दिवसांच्या हिशोबात पास! पण अजून तुळशीपर्यंत जायला हात धरावा लागतो. दुधाचा हिशोबही चुकतो. या गोष्टींचा टक्का मला कुणी सांगितला नव्हता, कारण मी विचारलाच नव्हता. मी फक्त 'वाचेल ना?' एवढंच विचारत होतो.

मी डॉक्टर नाही, तेव्हा घरबसल्या स्कोअर काढत बसू नका. ते काम त्यांचं. आपलं काम एवढंच: घरातलं म्हातारं माणूस एरवी किती चालतं, काय खातं, काय आठवतं, हे माहीत असणं. अचानक फरक पडला तर 'वय झालं' न म्हणता दाखवणं. आणि दवाखान्यात 'आधी कसे होते' हे न विचारता सांगणं.

असो. आता मी रोज रात्री फोन करतो. आजीला दुधाचा हिशोब विचारतो. काल दोन लिटरने चुकली.